ग्रीसमधला 'गोल्डन डॉन' पक्ष एवढा वर कसा आला आणि मग संपला कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कुणाच्या खिजगणतीत नसलेला हा नवनाझी पक्ष संसदेत कसा पोचला, आणि 2019 मध्ये ग्रीक मतदारांनी शहाणपणानं त्याला घरी बसवलं असं म्हणता येईल का. दुसऱ्याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते सांगतो.

पक्षाचा संस्थापक निकोस मिहालोलियाकोस यानं 1980 साली याच नावाचं मासिक काढलं. त्यात हिटलरचं उघड गुणगान छापून यायचं. पुढे त्याचा पक्ष झाला, तरी 2009 च्या निवडणुकीत त्याला 0.3 टक्केसुद्धा मतं नव्हती. मग देश कर्जात बुडाला. पगार आणि पेन्शनला कात्री लागली, 2013 पर्यंत बेकारी 27 टक्क्यांवर गेली, आणि आलटून पालटून राज्य करणारे समाजवादी पासोक व उजव्या कलाचा न्यू डेमोक्रसी हे दोन्ही पक्ष लोकांच्या मनातून उतरले. लाओस नावाचा आणखी एक उजवा पक्ष होता. तोही 2011 च्या अखेरीस त्याच कपातीच्या सरकारात जाऊन बसला. चिडलेल्या उजव्या मतदाराला जायला जागाच उरली नाही. लाओसचं हे प्रकरण सहसा कुणी सांगत नाही, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

नुसत्या रागावर मात्र पक्ष उभा राहत नाही. अथेन्समधल्या आयिओस पांतेलेइमोनाससारख्या वस्त्यांत यांनी गल्ल्या धरल्या होत्या. दिवसा फक्त ग्रीकांना अन्नधान्य वाटायचं, रात्री टोळ्या करून परदेशी मजुरांना झोडपायचं. पोलीस कितीदा तरी बघ्याची भूमिका घ्यायचे. मे 2012 मध्ये पक्षाला जवळपास 7 टक्के मतं आणि 300 पैकी 21 जागा मिळाल्या. जूनमध्ये फेरनिवडणूक लागली. तिच्या दहा दिवस आधी पक्षाचा प्रवक्ता कासिदियारिस यानं टीव्हीवरच्या थेट चर्चेत एका महिला नेत्याच्या अंगावर पाणी फेकलं आणि दुसरीच्या थोबाडीत मारल्या. सगळ्या देशानं ते पाहिलं. तरी टक्केवारी जवळजवळ तेवढीच राहिली, जागा 18.

मी तेव्हा मर्चंट नेव्हीत होतो. पिरियस बंदराला लागून पेरामा आहे, तिथे आमचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं. एजंटाच्या माणसानं आम्हाला बजावून ठेवलं होतं, अंधार पडल्यावर एकट्यादुकट्यानं बाहेर जायचं नाही. त्याच पेरामात 2012 च्या जूनमध्ये इजिप्शियन मच्छीमारांना घरात घुसून मारलं होतं. आम्ही भारतीय, आमच्यातला एक वेल्डर पाकिस्तानी, पण मारणारा काही पासपोर्ट बघून मारत नाही. जानेवारी 2013 मध्ये शहजाद लुकमान हा पाकिस्तानी कामगार पहाटे सायकलवरून कामाला निघाला असताना अथेन्समध्ये भोसकून मारला गेला. ती बातमी वाचून जो संताप आला, तो आजही जात नाही. आणि सरकार तेव्हा हललं नाही.

हललं ते सप्टेंबरमध्ये. पेरामाजवळच्या केरात्सिनीत पावलोस फिसास या ग्रीक रॅपरचा पक्षाच्या माणसानं खून केला. फिसासनं प्राण जाण्याआधी मारेकरी पोलिसांना दाखवून दिला. मग फोनच्या नोंदी बाहेर आल्या. स्थानिक शाखाप्रमुखानं मेसेज करून माणसं जमवली होती, त्याचं वरच्या नेत्याशी त्या रात्री बोलणं झालं होतं. वरून हुकूम आल्याशिवाय पान हलत नाही, ही ज्या पक्षाची शेखी, त्याच्यावर तोच पुरावा उलटला. ग्रीक राज्यघटनेत पक्षावर बंदी घालता येत नाही, म्हणून सरकारी वकिलांनी दंडसंहितेतलं गुन्हेगारी संघटनेचं कलम लावलं. नेते तुरुंगात गेले, सरकारी अनुदान थांबलं.

आता मतदारांचं बघा. प्रमुख नेता कोठडीत असताना, खून उघड झालेला असताना, मे 2014 च्या युरोपीय निवडणुकीत याच पक्षाला 9.4 टक्के मतं पडली. 2015 च्या दोन्ही निवडणुकांत तो तिसऱ्या क्रमांकावर होता. म्हणून 'लोकांनी नाकारलं' हे मला पटत नाही. त्याची हाडं खिळखिळी केली ती 2015 पासून साडेपाच वर्षं चाललेल्या खटल्यानं, आणि रस्त्यावर त्यांना रोज अडवणाऱ्या साध्या माणसांनी. फिसासची आई, माग्दा, वर्षानुवर्षं कोर्टात जाऊन मारेकऱ्यांसमोर बसत राहिली. शाखा एकेक करून बंद पडल्या, टोळ्या पांगल्या. दरम्यान शेजारच्या देशानं 'मॅसेडोनिया' हे नाव वापरावं का, हा वाद पेटला, त्यावर न्यू डेमोक्रसीनं कडक भूमिका घेतली, आणि ग्रीक सोल्यूशन हा नवा उजवा पक्षही मैदानात आला, म्हणजे उजव्या मतदाराला जायला पुन्हा जागा झाली. 2019 मध्ये 'गोल्डन डॉन'ची गाडी 2.93 टक्क्यांवर अडली. संसदेत यायला 3 लागतात.

7 ऑक्टोबर 2020 ला कोर्टानं हा पक्ष म्हणजे गुन्हेगारी संघटना असल्याचा निकाल दिला. मिहालोलियाकोसला 13 वर्षं, मारेकऱ्याला जन्मठेप.

मतदार कुठे गेले, हे पुढे कुणीतरी विचारेलच. 2023 मध्ये, याच खटल्यात शिक्षा झालेल्या कासिदियारिसच्या नव्या पक्षाला निवडणूक लढवू दिली नाही. त्यानं तुरुंगातून 'स्पार्टन्स' नावाच्या एका अनोळखी पक्षाला पाठिंबा जाहीर केला, आणि त्या पक्षाचे 12 खासदार निवडून आले.