जर्मनीत आयन मोबिलिटीवर पीएचडी करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी., पुण्याजवळच्या औषध कंपनीत चार वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एलसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) चालवताय, आता वय २८. मास स्पेक्ट्रोमेट्री आणि आयन मोबिलिटीत (आयनांचं वस्तुमान आणि आकार मोजण्याच्या तंत्रांत) पीएचडी करायला जर्मनीला यावं, की उशीर झाला म्हणून विचार सोडून द्यावा?

सोडू नका. मी पुण्यातच एम.एस्सी. केलं, बर्लिनला पीएचडी केली आणि आता ब्रेमेनमध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागात आहे. इथे २८ वय कुणाला खटकत नाही. मास्टर्स संपवून पीएचडीला लागणारी जर्मन मुलंसुद्धा पंचविशीच्या आसपास असतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. क्यूसीत यंत्र म्हणजे बंद खोका. मेथड व्हॅलिडेट झालेली, एकही पॅरामीटर हलवायचा नाही, बिघडलं की सर्व्हिस इंजिनीअरला फोन. ऑडिटसाठी ते बरोबरच आहे आणि नोंदी ठेवण्याची ती शिस्त तुम्हाला जन्मभर उपयोगी पडेल. पण जर्मनीत येऊनही तुम्ही अशाच लॅबमध्ये गेलात, जिथे विकत आणलेल्या यंत्रावर दुसऱ्यांची सॅम्पल्स लावायची असतात, तर घर सोडून काय मिळवलंत? देश, शहर, विद्यापीठाचं नाव या सगळ्यांच्या आधी लॅब बघा. तिथले विद्यार्थी यंत्र उघडतात का, त्यात बदल करतात का, एवढं विचारा.

आयन मोबिलिटीत हे विशेष खरं आहे. मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर सांगतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीन, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं, तिथे तो एकटा अडतो. म्हणून आयनांना आधी वायूने भरलेल्या नळीतून सौम्य विद्युत क्षेत्राने ओढत नेतात. दादरच्या पुलावर गर्दीत छत्री मिटून चालणारा पुढे सरकतो आणि उघडी छत्री घेतलेला धडकत राहतो, तसा आटोपशीर आकाराचा आयन आधी पोहोचतो आणि पसरलेला मागे राहतो. फरक काही मिलिसेकंदांचा असतो. त्यावरून मेसन-शाम्प समीकरणाने टक्कर-छेद काढतात, म्हणजे वायूच्या रेणूंना धडकताना आयनाचं क्षेत्रफळ किती भरतं ते, वर्ग अँगस्ट्रॉम या एककात. एक गोष्ट आत्तापासून पक्की करा: नळीत हीलियम असतानाचा आकडा आणि नायट्रोजन असतानाचा आकडा कधीही शेजारी ठेवून तुलना करू नका. नायट्रोजनचा रेणू मोठा आणि सहज ध्रुवीभूत होणारा, त्यामुळे त्यातला छेद मोठाच येतो. मुलाखतीत हे नीट सांगता आलं, तर समोरच्याला कळतं की तुम्ही फक्त बटणं दाबलेली नाहीत.

या विषयाची गोडी लागायची तर क्लेमर, हजिन्स आणि जॅरोल्ड यांचा १९९५ चा सायटोक्रोम सी या प्रथिनावरचा छोटा शोधनिबंध वाचा. पाणी नसताना, वायुरूप अवस्थेत, प्रथिन कमी प्रभारावर घट्ट राहतं आणि प्रभार वाढला की उलगडतं, हे त्यात दिसतं. मला आजही तो वाचताना आनंद होतो. त्यानंतर २०१५ चा नेचरमधला बर्लिनचा निबंध. घटक तेच, फक्त जोडणीची दिशा वेगळी, अशा शर्करा त्यात आयन मोबिलिटीने वेगळ्या ओळखल्या आहेत. शिवाय मोजमापं कशी नोंदवावीत याविषयी या क्षेत्रातल्या अनेकांनी मिळून २०१९ मध्ये शिफारसी प्रसिद्ध केल्या. क्यूसीतून आलेल्या माणसाला त्या लगेच आपल्याशा वाटतील.

आता लॅब. बर्लिनला फ्राये विद्यापीठात केव्हिन पागेल यांचा गट, आणि जवळच दालेममध्ये माक्स प्लांक संस्थेची फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूट. शर्करा आणि वायुरूप आयनांचं काम तिथे खोलवर चालतं. हानोफरचा गट आपल्याकडच्या केमिस्टना सहसा सापडत नाही, कारण तो रसायनशास्त्रात नाही, विद्युत अभियांत्रिकीत आहे. श्टेफान त्सिमरमान यांच्याकडे ड्रिफ्ट ट्यूब, म्हणजे वर सांगितलेली वायूची नळी, मुळापासून बांधतात. इलेक्ट्रॉनिक्सची भीती नसेल तर तिकडे जरूर लिहा. इंग्लंड चालत असेल तर मँचेस्टरला पर्डिटा बॅरन यांचा गट आहे, पण तिथे रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी भारतीयांना आधी एटास नावाची सरकारी मंजुरी घ्यावी लागते. आणि परदेशच हवा असा हट्ट नसेल तर आयआयटी मद्रासला टी. प्रदीप यांच्या गटात धातूंच्या नॅनोक्लस्टरवर आयन मोबिलिटीचं चांगलं काम झालं आहे. तिथे अर्ज करण्यात काहीच कमीपणा नाही.

पैशाचं सांगतो. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. फी जवळजवळ नाही, पगार टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीत, पण केमिस्ट्रीत बहुधा अर्धा किंवा दोनतृतीयांश करार मिळतो आणि काम मात्र पूर्ण वेळ अपेक्षित असतं. कर आणि आरोग्यविमा कापून उरतं त्यात एकट्याचं नीट भागतं. घरी दरमहा मोठी रक्कम पाठवायची असेल तर ओढाताण होईल. कर्ज डोक्यावर असेल तर ते फेडूनच या. एजंटला एक रुपयाही देऊ नका, या कामात त्याची गरजच नाही. करार हातात आला की व्हिसाचा प्रकार मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. विद्यार्थी म्हणून येणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (तुमच्या पदव्या खऱ्या असल्याची पडताळणी) लागतं, त्याला वेळ लागतो.

पुढचं आईवडिलांनाही समजावून सांगा. पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं, एवढीच मुदत कायदा विद्यापीठातल्या तात्पुरत्या करारांना साधारणपणे देतो. प्राध्यापक होणं फार थोड्यांना जमतं. मात्र उद्योगात जागा आहे. ब्रेमेनमध्येच ब्रूकर आणि थर्मो फिशर या दोन्ही कंपन्यांचे मास स्पेक्ट्रोमेट्रीचे कारखाने आहेत. प्रतिपिंडांची औषधं तपासणाऱ्या कंपन्यांना हे तंत्र लागतं, आणि विमानतळावर बॅगवरून पट्टी फिरवून स्फोटकं शोधतात तेही बऱ्याचदा आयन मोबिलिटीवरच. लॅबमध्ये इंग्रजी पुरतं, पण वर्कशॉपमधला कारागीर तुमचं रेखाचित्र जर्मनमध्येच समजून घेईल आणि नोकरीच्या वेळी जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी नसेल तर अडेल. पहिल्या वर्षातच क्लास लावा.

निघण्याआधी पायथन शिका, व्हॅक्यूम आणि पंपांची मूलतत्त्वं वाचा, कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आला की शेजारी उभे राहून आयन सोर्स उघडताना बघा. मग प्राध्यापकांना थेट मेल करा: पहिल्या परिच्छेदात तुम्ही स्वतः सोडवलेली एक अडचण, दुसऱ्यात त्यांच्या एका निबंधाविषयी खरा प्रश्न, सोबत दोन पानांचा सीव्ही. एकाच मजकुराचे मेल पन्नास जणांना पाठवले तर ते ओळखू येतात. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि त्याच गटातल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला वेगळं लिहून विचारा की यंत्र शेवटचं कधी उघडलं होतं आणि कुणी.