भिरंडाच्या (कोकमाच्या) बिया उकिरड्यावर? नको गं बाई!

प्रश्न : जांबोटीजवळ आमच्या परसात भिरंडाचं झाड आहे. मे महिन्यात सोलं (फळांच्या साली) वाळवतो, बिया फेकतो. त्यांचा काही उपयोग होतो का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अहो ताई, खरा ऐवज तोच! बिया धुऊन कडक वाळवा, फोडून आतला गर कुटा आणि पाण्यात उकळा. वरचा तवंग निवला की मुठीत दाबून गोळा करा. हेच मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल. आमच्या आईचा गोळा देवळीत असायचा, बोटांचे ठसे उमटलेला. रात्री कोमट करून टाचांच्या भेगांत भरायची. पित्त उठलं की सोलाचं पाणी अंगाला लावतात, तेही करा; पण ओठ सुजले, धाप लागली तर तडक डॉक्टरकडे. आणि सोलांना रसाची पुटं देताना, म्हणजे रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवताना, मिठात हात आखडू नका, बुरशी धरते.