अर्थ पाठ कर, एस आपोआप कळेल

स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात चालणाऱ्या शब्दांची एक यादी म्हणजे कॉलिन्स. तिच्यात दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. नवखे ते पाढ्यासारखे घोकतात. तू अर्थासकट शिक, म्हणजे कुठल्या शब्दापुढे अनेकवचनाचा एस लागतो ते आपोआप कळेल. के-वाय म्हणजे स्कॉटिश बोलीत गाई. शब्द मुळातच अनेकवचनी, म्हणून पुढे एस चालत नाही. ई-ई म्हणजे डोळा. त्याचं अनेकवचन एन लावून होतं, ई-ई-एन. सी-एच तर गंमतच आहे, नैर्ऋत्य इंग्लंडच्या जुन्या बोलीतला ‘मी’! सर्वनामाला कुठला आलाय एस? झेड-ओ मात्र तिबेटकडचं याक-गाईचं संकरित जनावर, त्याला एस खुशाल लाव. झेडचे दहा गुण असतात, तेव्हा हा आधी शिक. अमेरिकी यादी वेगळी आहे. हे चारही शब्द तिथे चालत नाहीत.