फोटोत कोण नाहीये ते विचार

अगं, तुझा मेसेज वाचला. व्हिएतनाम युद्ध शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर ‘साम्राज्यवाद’ लिहून व्याख्या देणार म्हणतेस, तर तसं नको करू, पंधरा वर्षांची पोरं व्याख्या उतरवून घेतात आणि विसरतात.

एप्रिल १९७५ पासून सुरू कर. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडायच्या आधी अमेरिकेने ऑपरेशन बेबीलिफ्टमध्ये दोन हजारांवर मुलं अनाथ म्हणून दत्तक द्यायला विमानाने नेली, ४ तारखेला त्यातलं एक विमान कोसळलं आणि ७८ मुलं गेली. दुसऱ्या दिवशीचा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा बाळ कडेवर घेतलेला फोटो दाखव, विचार की यात कोण नाहीये, आणि गप्प बस. वेळ लागतो पण कुणीतरी म्हणतंच, आई. मग सांग की सगळी मुलं अनाथ नव्हतीच, काहींचे आईवडील जिवंत होते, त्यावरून सॅन फ्रान्सिस्कोत केस झाली. तिथून मागे, व्हिएतनामवर आधी राज्य करणाऱ्या फ्रेंचांकडे जा, तेही ‘सुधारायला आलोय’ म्हणतच रबराचे मळे लावत होते.

आता खरं अवघड. इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेत शिकवायला लागले त्या वर्षी मी अमेरिकेवर तासभर तावातावाने बोलले. नंतर एक मुलगी थांबली, म्हणाली माझे आजोबा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते, युद्धानंतर त्यांना छावणीत डांबलं, आमच्या घरात अजून दक्षिणेचा जुना, तीन लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा आहे, मी घरी जाऊन काय सांगू? मला काहीच बोलता आलं नाही. मी तिच्या घरच्यांना विचारात घेतलंच नव्हतं, आणि त्यांना शहाणं करायला निघाले होते गं. त्या घरातली अमेरिकेबद्दलची कृतज्ञता खरी आहे आणि अमेरिकेचे बॉम्बही खरे, तू निवाडा करू नकोस, दोन्ही वर्गात येऊ दे.

आणि ‘मिसळून गेले’ हा शब्द आला की थांबव. १९७५ला व्हिएतनामहून अमेरिकेत आलेल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना सरकारने मुद्दाम देशभर पांगवलं, स्पॉन्सर मिळेल त्या गावात, एका जागी वस्ती नको म्हणून. तरी लोक आपणहून परत एकत्र आले, कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरला, इथे सॅन होजेला, दुकानं काढली, देवळं बांधली. हे का केलं असेल ते पोरांनाच विचार.

फक्त न्गुयेनसारख्या व्हिएतनामी आडनावाच्या पोराकडे वळून ‘तुझ्या घरी काय सांगतात’ असं विचारू नकोस, त्याला वाटलं तर तो बोलेल. त्याचं नाव मात्र हजेरीच्या आधीच त्याच्याकडून नीट म्हणायला शिकून घे. तास झाला की फोन कर, मी जागी असते.