वाद्य हाताकडे आण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. करंगळी आखूड आहे, गिटारवर तर्जनी पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेला घर) ठेवली की ती चौथ्यापर्यंत पोचत नाही, ओढून पोचवली की मनगट दुखतं. आणि पैसे भरून घेतलेल्या कोर्समध्ये ‘एका फ्रेटला एक बोट’ हा नियम पहिल्याच धड्यात सांगितलाय. म्हणून तू विचारतोस, की जॅझचा नाद सोडून सरळ मेटलचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वाजवावेत का, त्यांना बोटं कमी लागतात. जॅझ आणि मेटल या दोन वेगळ्या वाटा आहेत असं तू धरून चाललायस. तुझ्या प्रश्नापुरता त्या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट. हे तुला अजून कुणी सांगितलं नाही याची मला खंत वाटते.

१९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पॅरिसच्या वेशीवर राहत्या गाडीला आग लागली आणि त्याचा डावा हात भाजला. अनामिका आणि करंगळी आखडली ती कायमची. बरं व्हायला जवळपास दीड वर्ष गेलं. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये जो पंचक वाद्यवृंद उभा राहिला, त्यातले सगळे सोलो जँगोने तर्जनी आणि मधलं बोट या दोनच बोटांवर वाजवले. उरलेली दोन बोटं तो फक्त कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) धरताना, तीही वरच्या बारीक तारांवर, आधारापुरती टेकवत असे.

आता १९६५, बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनवर मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गमावून बसला. तो डावखुरा, म्हणजे गेली ती तारा दाबणाऱ्या उजव्या हाताची. गिटार संपली असं तो धरून बसला होता. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस दोन बोटांवर वाजवतोय. पुढे ब्लॅक सॅबथ हा त्याचा मेटल बँड झाला.

इथपर्यंत सगळे सांगतात आणि ‘बघा, जिद्द असली की होतं’ म्हणून थांबतात. तू थांबू नकोस. दोघांची बोटं नीट मोज. जँगोची धड बोटं पहिलं आणि दुसरं. आयोमीची पहिलं आणि चौथं. जँगोची एकही बोटरचना आयोमीला जशीच्या तशी उचलता येणार नव्हती. तरी त्या रेकॉर्डने त्याला परत उभं केलं, कारण त्याला तिच्यातून फ्रेज मिळाल्या नाहीत, एक रीत मिळाली: हात वाद्याला जुळवत बसू नकोस, वाद्य हाताकडे आण. तुझ्या चार पानी पत्राला माझं उत्तर एवढंच आहे. पुढे फक्त ते कसं करायचं ते सांगतो.

आयोमीने काय केलं ते क्रमाने बघ. भांडी धुण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांवर बसतील अशा टोप्या केल्या, घासून आकार दिला, तार निसटू नये म्हणून वर चामडं चिकटवलं. पण टोपीतून तार जाणवत नाही, म्हणून माणूस गरजेपेक्षा जोरात दाबतो आणि स्वर चढतो. मग तारा मऊ हव्यात. त्या काळी गिटारच्या हलक्या तारा सहज मिळत नसत, तर त्याने बारीक तारांच्या जागी बँजोच्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी सगळं ट्यूनिंग तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली नेलं. हातात गिब्सन एसजी, म्हणजे पावणेपंचवीस इंचाची स्केल (तारेची वाजणारी लांबी), साडेपंचवीस इंचाच्या फेंडरपेक्षा आखूड. आज ज्याला ‘हेवी’ आवाज म्हणतात त्याचा मोठा भाग दुखऱ्या बोटांवरचा भार कमी करताना सापडलाय.

हिशेब करून बघ, मनात पक्का बसेल. एकाच स्वरासाठी साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाने बदलतो. ०.०१० इंच जाडीच्या तारेऐवजी ०.००८ ची लावलीस तर ताण ६४ टक्के उरतो. तीन सेमीटोन उतरवलंस तर ७१ टक्के. दोन्ही एकदम केलंस तर ४५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. आखूड स्केलमुळे आणखी साधारण ६ टक्के वाचतात.

हे वाचून लगेच तारा सैल करायला धावू नकोस. तू धावशील, म्हणून सांगतोय. ताण कमी झाला की प्रत्येक चूक मोठी होते. तार जराशी आडवी ढकलली गेली तरी स्वर जास्त चढतो, जोरात दाबलीस तर कॉर्ड बेसूर होते, पिक (तार छेडायची चकती) जोरात मारलास तर सुरुवातीचा क्षण चढा लागतो. शिवाय गिटारची मान सरळ होते आणि सुरुवातीचे फ्रेट खरखरतात. तुझ्या गिटारवर ०.०१० चा सेट आहे ना? आधी ०.००९ लाव आणि अर्धा स्वर उतरव. पहिल्या तारेचा ताण ७२ टक्क्यांवर येतो. तुझ्या करंगळीला आत्ता एवढं पुरे. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताड. दाबलेला चढा आला तर ब्रिजचं सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) मानेपासून लांब सरकव.

जँगोचं उदाहरण याच्या उलट वाटेल. त्याच्या सेल्मर गिटारची स्केल ६७० मिलिमीटर, म्हणजे २६ इंचांच्याही वर. अ‍ॅम्पशिवाय वाद्यवृंदात ऐकू जायचं तर तारा ताठ हव्यात, तिथे सूट नव्हती. म्हणून त्याने गिटारच्या मानेचा नकाशाच बदलला. चार बोटांचा माणूस एका जागी बसून सहा तारा आडव्या ओलांडतो. जँगो तिरका चढत जातो, प्रत्येक तारेवर थोडे स्वर आणि लगेच पुढची जागा.

हे हाताने समजून घे. ए मायनर सिक्स्थचे स्वर: ए, सी, ई, एफ शार्प. ए ला सा मानलास तर सा, कोमल ग, प, शुद्ध ध. सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचवीवर ७ आणि ९, चौथीवर ७ आणि १०, तिसरीवर ९ आणि ११, दुसरीवर १० आणि १३, पहिलीवर १२ आणि १४. दोन तारांत एक सप्तक, सहा तारांत तीन. प्रत्येक तारेवर पहिला स्वर तर्जनीने, दुसरा मधल्या बोटाने. करंगळीचं काम नाही. अनामिका वापरायची नाही, मोह झाला तरी नाही.

अडशील ते ५ ते ८ च्या अंतरावर. तर्जनी धरून ठेवून मधलं बोट ताणायला जाशील आणि मनगट पुन्हा दुखेल. तर्जनी सोड. स्वर वाजला की तिचं काम संपलं, पूर्ण पंजा पुढे जाऊ दे, आणि मानेमागचा अंगठाही बरोबर सरकू दे. अंगठा एका जागी रुतला की सगळं अडतं. तर्जनीचा प्रवास ५, ७, ७, ९, १०, १२ असा आहे. तो आधी आवाज न करता, नुसता हलवून पाठ कर. मग मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन स्वर. जागा बदलतानाची घासट ऐकू येणं थांबेपर्यंत ६१ सुद्धा नको.

उजवा हातही त्याच घराण्याचा ठेव. पिक किमान दीड मिलिमीटर जाड घे. प्रत्येक नवी तार खालच्या दिशेच्या मारानेच सुरू करायची आणि पिक पुढच्या तारेवर टेकू द्यायचा. दुसरा स्वर वर येताना. डिस्टॉर्शन (मेटलचा तो मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावलास की याचा फायदा कळेल, कारण टेकलेला पिक शेजारची तार गप्प ठेवतो. पहिल्या तारेला मात्र पुढे टेकायला तार नसते, तिथे आवाज पडतो. तेवढ्या दोन स्वरांना मनगटातून जास्त वजन दे.

आता तुझं मेटल. याच अर्पेजिओतले (कॉर्डचे एकामागोमाग वाजवलेले स्वर) सी आणि एफ शार्प सुटे काढ, सहाव्या तारेवर ८ आणि पाचवीवर ९. आता सी ला सा मानलास तर सा आणि तीव्र मध्यम. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं, १९७० चं, शीर्षकगीत याच अंतरावर उभं आहे, फक्त तिथे स्वर जी आणि सी शार्प आहेत. आयोमीने ते जँगोकडून उचललं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं चुकीचं होईल. मी म्हणतोय ते इतकंच, की ज्या स्वरांना घाबरून तू जॅझ सोडायला निघालास ते तुझ्या आवडत्या रिफमध्ये आधीच बसलेले आहेत.

स्वरांच्या पातळीवर थेट वारसा हवा असेल तर ऑलमन ब्रदर्स बँडच्या डिकी बेट्सची १९७३ ची ‘जेसिका’ ही वाद्यरचना ऐक. जँगोला मानवंदना म्हणून त्याने ती डाव्या हाताच्या दोन बोटांवर वाजेल अशी बांधली. टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते आकड्यांत लिहिलेली नोंद) उघडू नकोस. पहिल्या ओळी कानाने उतरव आणि दोन बोटांवर बसव. बसत नसेल तर तार बदल, जागा बदल, वाद्य हाताकडे आण. टॅबमध्ये दुसऱ्याच्या हाताचे आकडे असतात, म्हणून मी शिकवताना ते बंद करायला लावतो. यावरून पालकही नाराज होतात, मुलंही. प्रगती हळू दिसते म्हणतात. दिसू दे. चार बोटांचा नियम पाळून वेगात वाजवणारे शेकड्यांनी आहेत आणि डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठला ते सांगता येत नाही. या बाबतीत माझं मत बदलणार नाही, तू कितीही व्हिडिओ पाठवलेस तरी.

करंगळी अजिबात वापरू नकोस असं मात्र मी सांगत नाहीये. तुझी करंगळी धड आहे, फक्त आखूड आहे. आयोमीकडे पहिलं आणि चौथं बोट होतं, आणि मूळ स्वर-पंचमाच्या जोडीला त्यापेक्षा जास्त लागत नाही. सातव्या फ्रेटच्या वर फ्रेट अरुंद होतात, तिथे तुझी करंगळी सहज पोचेल. तिला तिथे काम दे. पहिल्या चार फ्रेटवर ओढाताण बंद, आजपासून. मनगटातली कळ वाजवणं थांबवल्यावरही रेंगाळत असेल तर गिटार पेटीत ठेवून डॉक्टरकडे जा, पुढचं पत्र मला नंतर लिही.

तारा बदलल्यावर दोन दिवस थांब, मान स्थिरावू दे. त्यानंतरही पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर राहिली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी सैल कर, पुन्हा एक दिवस थांब. पाव फेरीच्या पुढे जावंसं वाटलं तर पाना खाली ठेव आणि सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरून तिच्याखालची सातव्या फ्रेटवरची फट मोजून मला कळव. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर दोष मानेच्या वाकात नाही, दुसरीकडे शोधावा लागेल.

तुझा,
दादा