चेनसॉ तिरका कापतो आणि धूर येतो, नवी चेन घ्यावी का?

दुकानदार नवी घ्या म्हणाला तरी एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की कट उजवीकडे वळतो, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीजवळ धूर येतो आणि भुसा पिठासारखा पडतो. चेनला धार असेल तर पीठ पडत नाही, जाडसर सालपटं उडतात. मी काम करताना आवाजापेक्षा भुशाकडेच जास्त बघतो.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माड-पोफळी वाळूत आडव्या झाल्या. तेव्हा घेतलेल्या मशीनची नवी चेन मी दोन दिवसांत बोथट केली, कारण प्रत्येक कटाच्या शेवटी चेन वाळूत घुसत होती. धार घालवायला वाळूचा एक स्पर्श पुरतो. आता खोडाखाली आधी दोन ओंडके सरकवतो. ते जमत नसेल तर पाऊण कापून खोड उलटं करतो.

कट ज्या बाजूला ओढला जातो, त्या बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार असतात. म्हणजे तुमचे डावीकडचे दात आखूड झालेत किंवा बोथट आहेत. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा.

कानस गोल हवी आणि चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधलं अंतर, इंचात) हवी: लहान मशीनच्या 3/8 लो प्रोफाइल चेनला 4 मिमी, .325 ला 4.8 मिमी. बंद मशीनची पट्टी शिकंज्यात धरा, हातमोजे घाला, पहिल्या दातावर खडूची खूण करा. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. परत आणताना उचलायची, नाहीतर कानसच मरते. कोन बहुतेक चेनना 30 अंश. पुष्कळ दातांच्या पाठीवर त्याची तिरकी रेघ असते. प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात द्या, तीन-चार पुरतात. एका बाजूचे सगळे झाले की मगच दुसरी बाजू. आपला एक हात नेहमी जड पडतो, कट तिरका होण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

आता जे बरेच जण विसरतात ते. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, दात लाकडात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. घासून घासून दात बुटका होतो, उंचवटा तेवढाच राहतो, मग धार असूनही पीठच पडतं. तीन-चार वेळा धार लावून झाली की गेज (हा उंचवटा मोजायचं माप) ठेवून चपट्या कानशीने तो उतरवा. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण 0.65 मिमी खाली हवा. जास्त उतरवलात तर चेन लाकूड हिसकावते, मशीन उसळून अंगावर येऊ शकतं. इथे अंदाजाने काम करू नका.

या दाताचा आकार अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला 1946 मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून सुचला. आपल्या आंब्याच्या खोडात शिरणारं भिरूड तसंच डावं-उजवं कुरतडत जातं. त्याच्यापायी कलमं गमावली आहेत, तरी त्याची ही करामत मला थक्क करते.

धुराचं दुसरं कारण तेल. मशीन चालू करून पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरा, चिकटवू नका. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टीची खाच आणि तेलाचं भोक भुशाने बुजलंय, पातळ पत्र्याने खरवडून काढा. गाडीचं जळकं ऑइल घालू नका. ते चेनला धरत नाही आणि त्यात धातूचा कीस असतो.

चेन थंड असताना ताणा, पट्टीचं टोक वर उचलून धरून. खाली लोंबायला नको, पण हाताने सहज फिरली पाहिजे. काम संपल्यावर मात्र सैल करून ठेवा, तापलेली चेन गार होताना आवळते.

धार लावल्यावर दात 4 मिमीहून कमी उरत असतील, किंवा एखादा तडकला असेल, तर दुकानदाराचं बरोबर आहे, चेन बदला. पट्टीच्या मागच्या टोकाशी पिच कोरलेला असतो, तो इथे लिहा. कानस कुठली घ्यायची ते सांगतो.