कॉलेजच्या फेस्टसाठी विद्यापीठाचा लोगो गुगलवरून घेऊन वापरला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की कॉलेज नाशिकचं, पुणे विद्यापीठाशी संलग्न, फेस्ट कॉलेजचाच, तर बॅनर, सर्टिफिकेट आणि टी-शर्टवर विद्यापीठाचा लोगो टाकायचा का आणि कसा. मी नाशिकमध्येच अशोकस्तंभाजवळ बरीच वर्षं डीटीपी, डिझाइनची कामं करतो, गॅदरिंगच्या सीझनला हाच प्रश्न घेऊन पोरं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे की न विचारता टाकू नका. लोगो म्हणजे विद्यापीठाचा शिक्काच आहे, तो दिसला की बघणारा धरून चालतो की कार्यक्रम विद्यापीठाचा आहे. तुमचा फेस्ट कॉलेजचा आहे ना, मग वर कॉलेजचा लोगो आणि नावाखाली साध्या अक्षरात 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न', एवढं पुरेसं आहे. कार्यक्रम विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाच्या मदतीने होत असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा कॉलेजमधल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा, परवानगी लेखी घ्या आणि लोगोची फाइलही त्यांच्याकडूनच मागा. टी-शर्ट विकणार असाल तर परवानगीशिवाय अजिबात नको, लोगोवर कॉपीराइट असतो, ट्रेडमार्क म्हणूनही तो नोंदवता येतो, आणि पैसे घेऊन विकलं की ते 'आमचं कॉलेज, आमचं प्रेम' एवढंच राहत नाही.

गुगलचं का नको ते सांगतो. 2014 मध्ये विद्यापीठाचं नाव बदलून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पण जुन्या नावाचे लोगो नेटवर तसेच पडून होते. त्यानंतर एका कॉलेजचं काम माझ्याकडे आलं, मुलांनी पेनड्राइव्हवर लोगो दिला, मी पण नीट वाचला नाही आणि तीनशे सर्टिफिकेटं जुन्या नावाची छापून झाली. आदल्या रात्री सगळी परत छापली, कागदाचा खर्च मी सोसला. सावित्रीबाईंचं नाव राहून गेलं याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं, तेव्हापासून लोगोतलं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

आता फाइल. पीडीएफ, एसव्हीजी किंवा कोरलड्रॉची सीडीआर मिळाली तर उत्तम, आत लोगो फोटो म्हणून चिकटवलेला नसेल तर तो कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. पीएनजी असेल तर हिशोब करा, सर्टिफिकेटला 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके लागतात, म्हणून 200 पिक्सेलचा लोगो जेमतेम 17 मिलिमीटर रुंद स्वच्छ छापला जातो, त्यापुढे धुरकट. जेपीजीला मागे पांढरा चौकोन येतो, रंगीत बॅनरवर तो फार वाईट दिसतो. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.

लोगो लहानमोठा करताना कोपऱ्यातूनच ओढा, बाजूने ओढला की गोल लोगो अंड्यासारखा होतो, गंगापूर रोडवर असे फ्लेक्स लागलेले बघितले की मला अजून राहवत नाही. रंग बदलायचे नाहीत, सावली, चमक, आउटलाइन काही नाही, चिन्ह घेऊन खालचं नाव कापायचं नाही. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, स्पॉन्सरचे लोगो त्याला चिकटवू नका, ते खाली वेगळ्या पट्टीत. परवानगी मिळून टी-शर्टवर घेतलाच तर एकरंगी व्हर्जन मागून घ्या, कारण स्क्रीन प्रिंटिंगला बारीक जोडाक्षरं शाई भरून बुजतात, म्हणून आधी एकाच टी-शर्टवर काढून बघायचा. रांगोळीत लोगो काढायची हौस बऱ्याच जणांना असते, पण लोक त्यावरून चालत जातात, तेवढं टाळाच.

शेवटी बॅनरचं आणि सर्टिफिकेटचं प्रूफ कागदावर काढा, त्यावर सरांची सही घ्या आणि मगच प्रेसला द्या. नाशिकमध्येच असाल तर फाइल घेऊन या, छपाई कुठेही करा, लोगो मी बघून देतो.